टोबॅगो केज, संध्याकाळ

आज पहाटे कॅरिबियन समुद्रातल्या बेक्वे बेटावरून शिडे उभारून निघालो आणि पूर्वेकडून व्यापारी वारा चांगला मिळाल्यामुळे सुमारे २५ सागरी मैल कापून दुपारी टोबॅगो केजच्या पाच निर्जन बेटांमध्ये पोहोचलो. कॅनवान बेटाचा आडोसा संपताच नौका अशी कलली, की डब्यातले पोहे फरशीवर सांडले (सौभाग्यवतींचा अबोला अजून सुटलेला नाही). येथे मात्र लाटा हॉर्सशू रीफच्या प्रवाळावरच फुटतात आणि आतले पाणी तळ्यासारखे निवांत राहते. बाराडल बेटाजवळ हिरवी कासवे समुद्रगवत खात असताना आमची धाकटी कन्या अर्धा तास एक शब्दही न बोलता तरंगत राहिली, हे आमच्या घरात अभूतपूर्व आहे. नैर्ऋत्येला युनियन बेट दिसते. १ जुलै २०२४ रोजी बेरिल चक्रीवादळाने तेथील बहुतेक घरे मोडली होती. उद्या तिकडेच, क्लिफ्टनला भाजी घ्यायला जायचे आहे.