सगळं ठीक होतं तेव्हाची तारीख

दुपारी अपडेट झालं आणि कॉम्प्युटरची वाचाच बसली. सिस्टीम रिस्टोर, म्हणजे विंडोजला मागच्या एखाद्या तारखेच्या स्थितीत नेणारी सोय, उघडलं, परवाची तारीख निवडली, मशीन बंद होऊन चालू झालं आणि आवाज आला. यात नवल काही नाही. मी रेंगाळलो होतो ते त्याआधी, तारखांच्या यादीपाशी.

यादीतले बहुतेक पॉइंट, म्हणजे त्या त्या वेळच्या सिस्टीमच्या नोंदी, मशीनने आपणहून केलेले, कुठल्या तरी अपडेटच्या किंवा ड्रायव्हरच्या (उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) आधीचे. मधूनच माझे: 'प्रिंटर चालतोय', 'हात लावू नये'. रिस्टोर पॉइंटला धड नाव द्यायची मला खोडच आहे. तारीख-वेळ मशीन लावतंच, तरी लोक वर्णनाच्या चौकटीत पुन्हा तारीखच लिहितात. अरे, त्या दिवशी काय ठीक चाललं होतं ते लिहा की! अर्थात राखून ठेवलेली जागा भरली, की जुने पॉइंट गुपचूप पुसले जातात. 'हात लावू नये'सुद्धा.

ही सोय २००० साली विंडोज एमईबरोबर आली; माझी गाठ पडली ती एक्सपीत. तिथे चक्क महिन्याचं कॅलेंडर यायचं आणि पॉइंट असलेल्या तारखा ठळक दिसायच्या. शुक्रवार होता, मी दादाच्या खुर्चीमागे उभा. "मंगळवार ठळक आहे, मंगळवारात जाऊ," दादा म्हणाला, आणि माझ्या पोटात गोळा. पेंटमध्ये चित्र काढलं होतं बुधवारी. आपण मंगळवारात गेलो तर ते राहणार कुठे?

मशीन पुन्हा सुरू झालं. चित्र जागेवर! गुरुवारी टाकलेला गेम मात्र गायब. दोन्ही मंगळवारनंतरचेच, मग असा दुजाभाव का, म्हणून मी दादाला हैराण केलं. तो एवढंच म्हणाला, "चित्र तुझं आहे. गेम मशीनचा."

इतकं नेमकं मला पुढे कुठल्याही मदतपानावर सापडलं नाही. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगांचा साठा), ड्रायव्हर, सिस्टीमच्या फायली, प्रोग्रॅम हे मागे जातं. आपली पत्रं आणि फोटो आहेत तिथेच. त्यामुळेच पुसलेला फोटो मिळेल या आशेने इथे येणारे चरफडत परत जातात. त्याहून वाईट गत विंडोज १० वाल्यांची. कित्येक मशीनवर हे संरक्षण मुळात बंदच असतं, आणि ते कळतं नेमकं बिघाडाच्या दिवशी.

मला सगळ्यात आवडते ती एक बारीक खबरदारी. मागे नेण्याआधी मशीन आत्ताच्या घडीचाही एक पॉइंट करून ठेवतं. मंगळवार पसंत पडला नाही, तर पुन्हा शुक्रवारात या. मी कधी आलेलो नाही, पण वाट उघडी आहे म्हणून बटण दाबताना हात कापत नाही.

फक्त सेफ मोडमधून, म्हणजे अगदी गरजेपुरत्या गोष्टींवर सुरू केलेल्या विंडोजमधून, रिस्टोर केलं, तर ते उलटवता येत नाही. म्हणजे मशीन धड सुरूही होत नसतं, माणूस घायकुतीला आलेला असतो, नेमकी तेव्हा परतीची वाट बंद. तरी दाबायचंच. एवढं बिघडल्यावर शुक्रवारात परत यायचंय कुणाला?