ब्रा घालायची का, हा प्रश्न पुरुषालाही पडतो
जिना उतरताना छाती हलते आणि शर्टाला निपल घासून घासून संध्याकाळपर्यंत लाल होतं, हे ज्याला होतं त्यालाच कळतं. मला गायनेकोमॅस्टिया आहे, म्हणजे नुसती चरबी नाही, निपलच्या मागे बोटाला लागते ती स्तनाच्या ग्रंथीची वाढ, इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन या हार्मोन्सचा तोल बिघडला की होते. वयात येताना झाली तर बहुतेक मुलांची 6 महिने ते 2 वर्षांत आपोआप जाते, माझी राहिली.

आधी टाइट कॉम्प्रेशन बनियन घालायचो, सपाट दिसायचं खरं पण घामोळं यायचं आणि श्वास कोंडायचा. शेवटी छातीखालचा घेर टेपने मोजून साधी कॉटनची स्पोर्ट्स ब्रा घेतली, पहिल्याच दिवशी धावून आलो आणि दुखलं नाही, इतकं बरं वाटलं की काय सांगू!

ब्राने गाठ कमी होत नाही, वाढतही नाही, फक्त आधार मिळतो. त्रास नसेल तर नका घालू. पण लोक काय म्हणतील म्हणून दुखणं सोसत बसायचं, हे मला अजिबात पटत नाही. आणि हो, एकाच बाजूला कडक गाठ असेल किंवा निपलमधून रक्त येत असेल तर ब्राचं नंतर बघा, आधी डॉक्टरकडे जा.