४७ नंबरची ओळ

वहीत ४७ नंबरच्या ओळीसमोर मी लाल फुली मारून ठेवली होती. सहा पिढ्या स्वपरागीभवन करून स्थिर केलेली मक्याची ही इनब्रेड. ताट अंगठ्याएवढं, उंची कमरेपर्यंत, कणीस वीतभरही नाही. तुऱ्यातून पराग झडू लागल्यावर पाच दिवसांनी कणसाचे केस बाहेर यायचे, तोवर पराग संपत आलेला असायचा. मका स्वतःच्याच परागावर धरत नेला की पिढीगणिक खंगतो, पण ही जास्तच खंगली होती. टेस्टरबरोबरचा, म्हणजे सगळ्या ओळी पारखायला वापरायच्या एका ठरावीक ओळीबरोबरचा, तिचा संकर आधीच पेरला होता, एवढ्यासाठीच तो चाचणीत राहिला.

काढणीच्या दिवशी एकेका प्लॉटची कणसं सोलायची, दाणे काढायचे, वजन घ्यायचं, मग मूठभर दाणे ओलावामापकात. १२ नंबरच्या संकराचे दाणे ९.२ किलो भरले आणि सगळ्यांचे चेहरे खुलले. ४७चे ८.८. पण १२च्या दाण्यांत ओलावा २४ टक्के होता, ४७च्या दाण्यांत १८. दोन्ही वजनं १५ टक्के ओलाव्यावर आणली तेव्हा १२चं ८.२ झालं आणि ४७चं ८.५! पाणी वजा केल्याशिवाय मक्याच्या वजनावर विश्वास ठेवू नये, हे मी नव्या मुलांना रोज सांगते.

पहिली शंका आली ती लेबलांची अदलाबदल झाल्याची. उरलेल्या दोन पुनरावृत्तींचे, म्हणजे तेच संकर पुन्हा पेरलेले, प्लॉट नकाशा हातात धरून पुन्हा तपासले. दोन्हीकडे ४७चाच संकर वर. टेस्टर सगळ्या संकरांना एकच, म्हणजे ही जादाची ताकद ४७कडूनच आलेली. तिच्या स्वतःच्या अंगावर त्याची खूणही नव्हती.

अर्थात अशा किरकोळ ओळीला मादी करून संकरित बियाणं भरघोस निघत नाही. या अडचणीवर डोनाल्ड जोन्स यांनी १९१८च्या सुमारास दुहेरी संकराची वाट काढली: दोन एकेरी (प्रत्येकी दोन इनब्रेडच्या) संकरांचाच आपसात संकर करायचा, म्हणजे बियाणं जोमदार झाडावर धरतं. मला मात्र ४७ला नर म्हणून वापरून पाहायचं आहे. तुरा लहान असला तरी पराग भरपूर सोडतो. आणि एका टेस्टरवर निकाल देणं मला पटत नाही. दुसऱ्या वंशगटातला टेस्टर लावायलाच हवा.

संध्याकाळी शीतगृहात जाऊन तिचं पाकीट शोधलं. बाद केलेल्यांच्या खोक्यात तळाशी होतं. दाणे तळहातावर ओतून मोजले. ६२ निघाले.