आर्मरी रोडवरचे बीएसए

माझी शाळेतली सायकल बीएसए एसएलआर होती. चेन्नईजवळ बनलेल्या त्या सायकलीवरील तीन अक्षरांचा अर्थ ‘बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स’ असा आहे आणि या नावाचा उगम बंदुकांच्या कारखान्यात आहे, हे मला इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात राहायला आल्यावर कळले.

लंडनजवळच्या एन्फील्डच्या सरकारी कारखान्यात यंत्रांवर बंदुका तयार होऊ लागल्या, तेव्हा हाताने काम करणाऱ्या इथल्या कारागिरांचा धंदा धोक्यात आला. म्हणून त्यांच्यापैकी चौदा जणांनी १८६१ साली ही कंपनी काढली आणि स्मॉल हीथ भागात यंत्रांचा कारखाना उभारला. बंदुकांची मागणी युद्धावर अवलंबून असे, त्यामुळे शांततेच्या काळात यंत्रे रिकामी राहू नयेत यासाठी १८८० पासून कंपनी सायकलींकडे वळली. १९१० साली तिने डेमलर ही मोटार कंपनी विकत घेतली आणि त्याच सुमारास स्वतःची मोटारसायकलही बाजारात आणली. नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात या कारखान्यात ५३ कामगार मृत्युमुखी पडले. कारखाना जिथे होता त्या आर्मरी रोडवरून चालताना मला प्रत्येक वेळी त्यांची आठवण होते.

१९५१ साली ट्रायम्फ ही मोटारसायकल कंपनी ताब्यात आल्यावर बीएसए जगातील सर्वांत मोठी मोटारसायकल उत्पादक ठरली. मला वाटते, घसरणीचे बीज याच वैभवाच्या काळात पडले. अध्यक्ष सर बर्नार्ड डॉकर यांच्या पत्नीसाठी सोनेरी ताऱ्यांनी सजवलेली डेमलर तयार झाली. १९५६ साली संचालक मंडळाने डॉकर यांना पदावरून दूर केले. त्यानंतर १९५७ मध्ये सायकलींचा व्यवसाय रॅले या सायकल कंपनीला आणि १९६० मध्ये डेमलर जॅग्वारला विकली गेली. जपानी कंपन्या लहान मोटारसायकली घेऊन आल्या, तेव्हा ब्रिटिश उत्पादकांनी तो बाजार सोडून मोठ्या गाड्यांचा आश्रय घेतला. पण १९६९ साली होंडाची ७५० सीसीची गाडी आली आणि तो आश्रयही उरला नाही. कारखान्यापासून दूर, अम्बरस्लेड हॉलमधील संशोधन केंद्रात आखलेल्या १९७१ च्या नव्या सांगाड्यावर आसन इतके उंच झाले की सामान्य उंचीच्या चालकाचे पाय जमिनीवर नीट टेकेनात. ज्या कंपनीचा जन्मच नव्या उत्पादनपद्धतीची वेळीच दखल घेतल्यामुळे झाला, तिच्याकडून ही चूक व्हावी याचे मला मनापासून दुःख होते. १९७३ मध्ये ती नॉर्टन व्हिलियर्स ट्रायम्फ या कंपनीत विलीन झाली आणि पुढे मुख्य इमारतही पाडण्यात आली.

२०१६ साली मोटारसायकलींसाठीचे बीएसए हे नाव महिंद्रा समूहाच्या क्लासिक लेजंड्सने विकत घेतले आणि डिसेंबर २०२१ मध्ये नवी गोल्ड स्टार ही मोटारसायकल याच बर्मिंगहॅम शहरात लोकांसमोर आणली.