आम्हाले काहून नाही सांगतलं?

"काहून भाऊ, आम्हाले कोणी सांगतलं नाही?"

आज सकाळी प्रतापनगरला ड्रेनेज लाईनच्या साईटवर, तर्री-पोह्याचा ठेला लावणाऱ्या काकूंनी विचारलं. ठेल्यासमोर कमरेइतका खड्डा, त्यावर आडवी टाकलेली एकच फळी. गिऱ्हाईक फळीवर पाय ठेवून बघायचं आणि माघारी फिरायचं. नऊ वाजून गेले तरी तर्रीचं पातेलं काठोकाठ.

पाईप वेळेत आलेले, खर्च आवाक्यात, मजूर पुरेसे, टेस्टिंगचे कागद चोख. मीटिंगमध्ये सगळे खूश. काकू मात्र कुठल्याच तक्त्यात नव्हत्या.

प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेत जबाबदारीची दहा क्षेत्रं आहेत. कामाची व्याप्ती, वेळ, खर्च, दर्जा, माणसं-साधनं, संवाद, जोखीम, खरेदी, या सगळ्यांचा मेळ. आणि दहावं, ज्यांचा कामाशी संबंध येतो किंवा ज्यांना त्याची झळ बसते ती माणसं. हे स्वतंत्र क्षेत्र म्हणून २०१३ साली आलं. तोवर ते संवादातच उरकलं जायचं.

आपल्याकडे अजूनही उरकलंच जातं, असं मला मनापासून वाटतं. उशीर झाला, पैसा वाढला की लगेच बिलात दिसतं. काकूंची बुडालेली सकाळ कुठल्या बिलात दिसणार? आदल्या संध्याकाळी कोणी येऊन "उद्या खोदणार आहोत, ठेला पलीकडे लावा" एवढं म्हटलं असतं, तरी पोहे खपले असते.

तुमच्या प्रोजेक्टमध्ये हे सांगायला जाण्याचं काम कोणाच्या नावावर लिहिलेलं आहे?