सायकलवाल्यांनी थर्ड पार्टी इन्शुरन्स घ्यावा का? माझा अनुभव (आणि एका काउंटरवरचा संताप)

आधीच सांगून टाकते, सायकलला इन्शुरन्स सक्तीचा नाही. मोटर वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे थर्ड पार्टी, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याला लागलं तर त्याची भरपाई देणारा विमा, लागतो तो मोटर वाहनांना, आणि पायडल मारायची सायकल त्यात येतच नाही. बॅटरीवाली असेल तर मात्र बघून घ्या, मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किमीच्या आत असेल तरच ती सुटते, त्याच्या वर गेली की नंबर प्लेट, लायसन्स, इन्शुरन्स सगळं आलं, दुकानदार काहीही सांगो.

मग मी कशाला नादी लागले? तर आमच्या सकाळच्या ग्रुपमधल्या एकाची सायकल इथे गोव्यात, मिरामारला एका आजोबांना लागली, मनगट फ्रॅक्चर. आजोबा भले निघाले, मुलगा पण समजूतदार, हॉस्पिटलचं बिल सायकलवाल्याने खिशातून भरलं आणि विषय मिटला. पण मुलगा वकिलाकडे गेला असता तर? त्याच आठवड्यात इंग्लंडातल्या स्विंडनहून माझ्या धाकट्या दिराचा फोन, वहिनी मी इकडे सायकल चालवायला लागलो, सायकलिंग यूके या सायकलवाल्यांच्या संस्थेची मेंबरशिप घेतली तर त्यातच एक कोटी पाउंडाचा थर्ड पार्टी मिळाला. एक कोटी पाउंड! आणि आम्ही इकडे रायबंदरच्या रस्त्यावर देवाच्या भरवशावर.

मिस्टरांचं म्हणणं, पदेराकडे, म्हणजे पाववाल्याकडे, आहे का इन्शुरन्स? तो रोज पहाटे पावाची टोपली बांधून भोंपू वाजवत सगळा वाडा फिरतो. आता याला काय बोलणार. पण पदेराने कोणाला पाडलं तर तोही जबाबदारच असतो, फक्त तोवर कोणी विचारलेलं नसतं. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१, म्हणजे जुनं आयपीसी २७९, बेदरकार चालवण्याबद्दल आहे आणि त्यात कुठलंही वाहन येतं, मोटरच हवी असं नाही. नुकसानभरपाईचं तर अजून वाईट, कारने कोणाला उडवलं तर केस मोटर अपघात ट्रिब्युनलकडे जाते आणि पैसे बहुतेक वेळा कारची विमा कंपनी देते, सायकलने माणसाला पाडलं तर ट्रिब्युनलचा संबंधच नाही, साधा दिवाणी दावा आणि पैसे आपल्या खिशातून. जपानात कोबेच्या कोर्टाने २०१३ मध्ये पाचवीतल्या मुलाने सायकलने एका बाईंना धडक दिली म्हणून त्याच्या आईला साधारण साडेनऊ कोटी येन भरायला लावले होते, त्या बाई शुद्धीवरच आल्या नव्हत्या. आपल्याकडे एवढे आकडे होत नाहीत हे कबूल, पण माझाही मुलगा सातवीत आहे आणि क्लासला सायकलनेच जातो.

तर शोध सुरू. दुकानात सायकलीबरोबर जो इन्शुरन्स चिकटवतात तो मला दाखवलेला तरी चोरी आणि मोडतोडीचा होता, समोरच्याला लागलं तर शून्य. एजंटने लगेच भारत गृह रक्षा ही घराची पॉलिसी पुढे केली, ती २०२१ पासून सगळ्या कंपन्यांकडे सारखीच असते, आग, पूर, वादळ यासाठी चांगली आहे, घेतली नसेल तर घ्याच, पण त्यात दुसऱ्याच्या दुखापतीचं काही नाही. आपल्याला हवी ती जुन्या पद्धतीची हाऊसहोल्डर पॅकेज पॉलिसी. त्यात वेगवेगळे सेक्शन असतात, त्यातल्या एकाचं नावच पेडल सायकल, आणि एक पब्लिक लायबिलिटी, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. हे मला कोणी सांगितलं नाही, पॉलिसीचे शब्द डाउनलोड करून रात्री वाचत बसले तेव्हा कळलं.

आता खरा ताप. एका विमा कंपनीच्या पणजीतल्या शाखेत गेले. काउंटरवरच्या बाईंनी सायकल ऐकल्यावर मला मोटर डिपार्टमेंटला पाठवलं. मोटरवाले म्हणाले इंजिन नंबर चेसिस नंबर नाही तर आमचं नाही, मिसलेनियसला जा. मिसलेनियसचे साहेब रजेवर. दुसऱ्या वेळी गेले तर साहेब होते, त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "सायकलीक इन्शुरन्स कित्याक जाय तुका?" (सायकलला इन्शुरन्स कशाला हवा तुला?) मी म्हटलं साहेब तुमच्याच पॉलिसीत सेक्शन आहे, प्रिंटआउट पुढे ठेवली. त्यांनी वाचली, म्हणजे खरंच पहिल्यांदा वाचली असावी, आणि म्हणाले असेल, पण हे कोणी घेत नाही. मग सिस्टम उघडली तर मेक, मॉडेल, फ्रेम नंबर भरल्याशिवाय पुढेच जाईना. फ्रेम नंबर पायडलच्या मधल्या नळीखाली खोदलेला असतो, बिल तर त्याच्याशिवायचंच. मी खाली पार्किंगमध्ये जाऊन सायकल उलटी केली, पावसाळ्याची लाल माती नखाने खरवडली, मोबाइलच्या टॉर्चमध्ये नंबर वाचला, हात पुसत वर आले तर लंच टाइम. (तुम्ही आजच त्या नंबराचा फोटो काढून ठेवा, चोरी झाली तर पोलीस पण तोच मागतात.)

नंबर भरला, आणि तेव्हा दिसलं की पेडल सायकलच्या सेक्शनमध्ये समोरच्याच्या नुकसानीची मर्यादा फक्त १०,००० रुपये. दहा हजारात मनगटाचं प्लास्टर पण पूर्ण होणार नाही. म्हणून खरा आधार पब्लिक लायबिलिटीचा, तिथे रक्कम वाढवता येते. पण ते कलम घरापुरतं की रस्त्यावर पण? म्हणजे माझ्या बाल्कनीतली कुंडी कोणाच्या डोक्यात पडली तर मिळणार हे नक्की, पण दोना पावलाच्या चढावर मी कोणाला धडकले तर? आणि वाहनांमुळे झालेलं नुकसान वगळलंय त्यात सायकल धरतात का? साहेब म्हणाले मिळेल हो मॅडम. मी म्हटलं लिहून द्या. तिथून सगळं थिजलं. लिहून द्यायचा अधिकार शाखेला नाही, रीजनलला मेल करा. रीजनलचं उत्तर, शाखेशी संपर्क साधा. शाखा म्हणते मेल फॉरवर्ड केलाय. प्रत्येक मेलला नवीन रेफरन्स नंबर, जुना टाकला तर सिस्टममध्ये सापडत नाही म्हणे. एजंट मध्येच फोन करून विचारायचा, ताई पेमेंट लिंक पाठवू का. अरे, कशाचं पेमेंट! दिवाळीची साफसफाई झाली तरी माझं उत्तर येईना.

शेवटी मी प्रश्न बदलला. "कव्हर आहे का" असं विचारलं की सगळे पॉलिसी वाचा म्हणतात. मी तीन ओळीत प्रसंग लिहिला, मी किंवा माझा मुलगा भारतात सार्वजनिक रस्त्यावर बिनमोटरची सायकल चालवताना पादचाऱ्याला जखमी केलं तर पब्लिक लायबिलिटी सेक्शनखाली क्लेम स्वीकाराल का, हो की नाही, आणि खाली लिहिलं की उत्तर आलं नाही तर विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाकणार. चार कामकाजाचे दिवस, आणि उत्तर आलं, हो, घरात राहणाऱ्या कुटुंबीयांसह, धंद्यासाठी किंवा शर्यतीत वापर नसेल तर. इतका आनंद मला बारावीच्या रिझल्टला झाला नव्हता. मेल प्रिंट करून पॉलिसीला स्टेपल केलाय. पदेराला मात्र हे चालणार नाही, त्याचा तो धंदा आहे, हे मिस्टरांना ऐकवून झालं.

एक अट नीट वाचा, आपल्याकडे पटकन "चूक झाली, घे पैसे" म्हणून जागेवर मिटवायची सवय असते. या पॉलिसीत कंपनीला न विचारता चूक मान्य केली किंवा पैसे कबूल केले तर क्लेम अडकतो. जखमीला १०८ बोलावा, मदत करा, गरज असेल तर बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला घेऊन जा, पण रकमेचं बोलणं कंपनीला कळवल्यावरच.

वकिलाच्या खर्चाचं वेगळं कव्हर मी घेतलं नाही. आपल्यावर दावा झाला तर त्याच पॉलिसीत, कंपनीच्या लेखी परवानगीने, बचावाचा खर्च मिळतो, फौजदारी दंड अर्थातच नाही. आणि गाडीवाल्याने आपल्याला उडवलं तर आपल्या इन्शुरन्सची गरजच नाही, त्याच्या थर्ड पार्टीतून मागायचं. इथे वेळ महत्त्वाची, २०२२ पासून ट्रिब्युनलकडे अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो, म्हणून पोलिसात नोंद त्याच दिवशी. टूरिस्टने रेंटची गाडी, काळ्या प्लेटवर पिवळे आकडे, आपल्यावर घातली आणि तो दुसऱ्या दिवशी दिल्लीला गेला तरी घाबरू नका, दावा आपण राहतो तिथल्या ट्रिब्युनलमध्ये करता येतो आणि इन्शुरन्स गाडीचा असतो. नंबराचा फोटो तेवढा घ्या. नंबर न देता पळालाच तर हिट अँड रनच्या योजनेत गंभीर जखमेला ५०,००० आणि मृत्यूला २ लाख मिळतात. बायकांना विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, हे खूप जणींना माहीत नसतं.

स्वतःच पडलो, कुत्रा आडवा आला, खड्डा आला, तर वरचं काहीच उपयोगाचं नाही. त्यासाठी पर्सनल अ‍ॅक्सिडेंट हवा. बँकेतली २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना तरी चालू आहे का बघा, १८ ते ७० वयापर्यंत, अपघाती मृत्यूला २ लाख. दर वर्षी जूनच्या आधी खात्यातून कापतात आणि बॅलन्स नसेल तर बंद पडते, माझ्या सासऱ्यांची तशीच पडली होती.