दुसरा डाव, ४५वी चाल: गाठ सैल झाली

आधी मागच्या नोंदीतलं ३६व्या चालीचं राहिलेलं काम उरकतो. ४ मे १९९७, न्यूयॉर्क, बुद्धिबळाच्या सामन्यातला दुसरा डाव: आयबीएमचा संगणक डीप ब्लू पांढरा, जगज्जेता कास्पारोव काळा. (आकड्यानंतर तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल, × म्हणजे मारणं, ‘हत्ती एबी८’ म्हणजे ए पट्टीवरचा हत्ती बी८ वर.) ३६. वजीर बी६ खेळून दोन प्यादी मिळत होती: ३६... हत्ती डी८ ३७. ए×बी५ हत्ती एबी८ ३८. वजीर×ए६. पण मग ३८... ई४! आणि डी६ वरच्या काळ्या उंटाचा कर्ण थेट एच२ पर्यंत खुला. सेकंदाला २० कोटी स्थिती तपासणारं यंत्र प्यादी खाणारच, हा अंदाज इथे चुकला. यंत्राने ३६. ए×बी५ ए×बी५ ३७. उंट ई४ असं खेळून तो कर्ण उघडूच दिला नाही. उंट ई४ वर बसला की ई५ चं प्यादं जागीच रुततं, डी६ चा उंट त्याच्यामागे कोंडतो आणि ए पट्टी पांढऱ्या हत्तींना आंदण मिळते. माझ्या मते सबंध सामन्यातली ही सर्वांत सुंदर चाल. इथे प्रत्येक पर्याय दोन-दोनदा तपासून झालाय, काम बंद.

आता खरी डोकेदुखी. ४३... वजीर बी६ शह ४४. राजा एफ१ हत्ती बी८ ४५. हत्ती ए६, आणि कास्पारोवने डाव सोडला. ४५... वजीर ई३ ४६. वजीर×डी६ हत्ती ई८ नंतर काळ्याकडे सलग शहांची बरोबरी होती, हे त्याला दुसऱ्या दिवशी कळलं. यंत्राने ४४व्या चालीला राजा एच१ कडे न्यायला हवा होता, हे मत तेव्हापासून जाणकारांत रूढ आहे. पण पांढऱ्याकडे उंट जास्त, प्यादं पुढे गेलेलं, तरी काळा सुटतो तो नेमका कशाच्या जोरावर?

इंजिनने, म्हणजे चाली तपासणाऱ्या प्रोग्रामने (माझ्याकडे स्टॉकफिश), छळ मांडला. तीच स्थिती, तोच लॅपटॉप, आणि तीन रात्रींत तीन वेगळी मूल्यांकनं. कारणं दोन निघाली. एकाहून जास्त थ्रेड (एकाच वेळी चालणारे शोधाचे धागे) चालू असले की स्टॉकफिशचा शोध दर वेळी थोड्या वेगळ्या वाटेने जातो, म्हणून आकडे जुळत नाहीत. दुसरं कारण आपल्या किनाऱ्याचं. आषाढातल्या दमट हवेत लॅपटॉप तापतो, प्रोसेसर वेग उतरवतो, आणि ‘दहा मिनिटं विचार कर’ म्हटलं तर दुपारच्या दहा मिनिटांत पहाटेपेक्षा कमी नोड (तपासलेल्या स्थिती) होतात. म्हणून वेळेची मर्यादा काढून नोडची घातली. तुलनेसाठी एकच थ्रेड, हॅशचा (आधी शोधलेलं लक्षात ठेवायच्या मेमरीचा) आकार कायम, प्रत्येक फेरीआधी हॅश रिकामा. आता तेच उत्तर पुन्हा तसंच येतं. लॅपटॉपखाली दोन लाकडी पट्ट्या द्या आणि खाऱ्या हवेने पंख्यात बसलेला चिकट थर ब्रशने काढा, फरक लगेच दिसतो. वीज जायची भीती असेल तर दर फेरीची नोंद फाइलमध्ये उतरू द्या. हॅश मेमरीत असतो, वीज गेली की गेला.

खोल शोधासाठी मात्र उलटं करायचं. सगळे थ्रेड लावा (एक कोअर मोकळा ठेवून), ८ जीबी रॅम असेल तर ४ जीबी हॅश द्या आणि शेवटाकडून मागे या. आधी ४६... हत्ती ई८ नंतरची स्थिती तासभर चालू द्या, मग हॅश न पुसता एकेक चाल मागे. पुढचं शोधलेलं हॅशमध्ये शिल्लक असतं, त्यामुळे मागच्या चालींचं मूल्यांकन कमी डळमळतं. मल्टीपीव्ही (एका वेळी दाखवायच्या पर्यायांची संख्या) ३ च्या वर नेऊ नका, खोली घटते. ब्राउझरमधलं इंजिन या कामाला अपुरं पडतं, वेगळं उतरवून घ्या.

गाठ सुटली ती मात्र खऱ्या पटावर मोहरी मांडल्यावर. पांढऱ्याची पहिली ऊर्मी ४७. हत्ती ए७ शह, मग ४८. वजीर डी७ आणि जी७ वर मात. हे चालत का नाही? ई३ वरचा वजीर डी४, सी५, बी६ मार्गे ए७ वर नजर ठेवून आहे! हत्ती फुकट जातो. म्हणजे ४५... वजीर ई३ ही एकच चाल तीन कामं करते: ई४ चा उंट धरते, सी१ आणि एफ४ ही शहाची घरं मिळवते, आणि ए७ राखते. ४७. वजीर डी७ शहाला ४७... हत्ती ई७ आहे. ४७. एच४ ला ४७... एच५ हे उत्तर प्रसिद्ध आहेच, पांढरं प्यादं तिथेच अडतं. इंजिन पहिल्या सेकंदापासून ‘वजीर ई३’ म्हणत होतं, पण ए७ चं कारण ते सांगत नाही. ते ज्याचं त्यालाच हुडकावं लागतं.

एंडगेम टेबलबेसचं (मोजकी मोहरी उरल्यावरच्या स्थितींची आधीच काढून ठेवलेली अचूक उत्तरं) विचारणाऱ्यांसाठी: ४६व्या चालीनंतर पटावर १९ मोहरी आहेत, पूर्ण टेबलबेस ७ वर थांबतात. इथे उपयोग शून्य. पाच मोहऱ्यांचा सिझिजी (टेबलबेसचा एक प्रकार) संच १ जीबीच्या आत बसतो, तो एरवी ठेवाच.

पुढची नोंद सहाव्या डावावर ठरली होती, १९ चालींचा तो कारो-कान (डावाच्या सुरुवातीचा एक बचाव), ७... एच६ आणि ८. घोडा×ई६. ती पुढे ढकलतोय, कारण लिहिता लिहिता दुसरंच सुचलं. यंत्राने सगळं पाहिलं असणार, या विश्वासाने माणूस हरतो, आणि ते इंजिनच्या आलेखात येत नाही. तेव्हा ४५. हत्ती ए६ नंतरची स्थिती दोन कागदांवर छापायची. एकावर ‘पांढरा: यंत्र’, दुसऱ्यावर ‘पांढरा: तुमच्या ताकदीचा खेळाडू’. काळ्याची चाल, दहा मिनिटं, घड्याळ लावून. डाव ओळखणाऱ्यांना वगळायचं. रत्नागिरी, चिपळूण, मालवणकडच्या मंडळींनी गणपतीआधी दहा-दहा खेळाडूंकडून कागद भरून घेतले तर बरं. प्रत्येकाने चाल लिहायची, आणि डाव सोडावासा वाटला तर कितव्या मिनिटाला, तेही.